सौजन्य म्हणजे श्रेय नव्हे

सामायिक छायाचित्रसंग्रह सांभाळणाऱ्या सर्व संपादक आणि व्यवस्थापक मंडळींना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

माझी आत्या तरुणपणी एका मुद्रणालयात कामाला होती आणि साध्या बॉक्स कॅमेऱ्याने फोटो काढायची. त्यातले चाळीसेक फोटो मी एका सामायिक संग्रहाकडे पाठवले. स्कॅन मी केले, माहिती मी भरली. संग्रहात ते दिसू लागले तेव्हा प्रत्येकाखाली ‘छायाचित्र’ या शब्दापुढे माझं नाव होतं. ज्या खात्यातून फोटो चढवला त्या खात्याचं नाव छायाचित्रकाराच्या रकान्यात आपोआप बसेल, अशीच त्या अर्जाची रचना होती. दुरुस्तीसाठी मी तीनदा लिहिलं. दरम्यान त्यातला एक फोटो, खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) जुळवत बसलेल्या पाच बायकांचा, एका अंकात छापून आला आणि तिथेही माझंच नाव लागलं. तो अंक मी आत्याला नेऊन दाखवला. ती बराच वेळ पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “या फोटोत मी कुठेच नाही, कारण काढत मीच होते. खाली तरी असायला हवं होतं गं.”

आत्या आता नाही. ती ओळ अजून तशीच आहे. त्या संग्रहाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ही गोष्ट एका संग्रहापुरती नाही. गेली काही वर्षं मी इतरांनी पाठवलेल्या फोटोंखालच्या ओळी आणि श्रेय तपासण्याचं काम करते आहे, आणि माझ्या आत्याच्या बाबतीत घडलं ते मला जवळजवळ रोज दिसतं. पाठवणारे बहुतेक जण प्रामाणिक असतात. त्यांना कोणी नीट विचारलेलंच नसतं, आणि ते विचारण्याचं काम तुमचं आहे.

आपल्याकडे एक शब्द फार सैल वापरला जातो तो म्हणजे ‘सौजन्य’. फोटो ज्याने काढला, ज्याने जपून ठेवला आणि ज्याने तो आपल्यापर्यंत पोचवला, ही तीन वेगळी माणसं असू शकतात. आपण तिघांनाही त्या एका शब्दात कोंबतो. ‘सौजन्य : इंटरनेट’ अशीही ओळ सर्रास दिसते, तिचा अर्थ एवढाच की कोणी शोध घेतलेला नाही. ‘छायाचित्र’ या शब्दापुढे काढणाऱ्याचं नाव यावं, ‘संग्रह’ या शब्दापुढे जपणाऱ्याचं. ‘सौजन्य’ हा देणाऱ्याचे आभार मानण्याचा शब्द आहे, तो तेवढ्यासाठीच राखून ठेवावा. तीन ओळी लागल्या तर लागू द्या. वृत्तसंस्थांच्या जगाने हा फरक कधीच ओळखला आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या आयपीटीसी या वृत्तमाध्यमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, फोटोच्या फाइलमध्येच माहिती साठवण्याचं मानक आज जगभर वापरलं जातं. त्यात निर्मात्याचं नाव, छापायची श्रेय-ओळ आणि स्वामित्वहक्काची सूचना हे तीन निराळे रकाने आहेत. मग आपल्या अर्जात एकच रकाना का?

सामायिक संग्रहात या चुकीची किंमत जास्त असते. आपली कृती ठरावीक अटींवर इतरांना मोकळेपणी वापरू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले. आज प्रचलित असलेल्या त्यांच्या सहाही परवान्यांत श्रेय देण्याची अट आहे. तिथून फोटो घेणारा नियम पाळणारा माणूस शीर्षक, कर्ता, स्रोत आणि परवाना या चार गोष्टी तुमच्या पानावरून जशाच्या तशा उतरवून घेतो. तुमच्याकडे नाव चुकलं असेल तर ती चूक पसरवण्याचं काम नेमका हा नियम पाळणारा माणूस करतो. त्याच्या अंकात, पुस्तकात, प्रदर्शनात चुकीचं नाव छापलं जातं, आणि पुढे कोणी शंका घेतली की तेच छापील पान पुरावा म्हणून पुढे केलं जातं. मी स्वतः असे दोन वाद पाहिले. दोन्ही वेळा मूळ चूक संग्रहाच्या पानावर होती.

श्रेय ही मेहेरबानी आहे असंही काही जणांना वाटतं. स्वामित्वहक्काच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९२८ साली रोममध्ये झालेल्या दुरुस्तीने कर्त्याचा नैतिक हक्क मान्य केला. ही कृती माझी आहे असं सांगण्याचा हा हक्क आर्थिक हक्कांपासून वेगळा आहे; आर्थिक हक्क दुसऱ्याला दिले तरी तो कर्त्यापाशीच राहतो. फोटोचे पैसे दिले, प्रिंट विकत घेतली, अल्बम वारशाने मिळाला, तरी यातल्या कशानेही आपण छायाचित्रकार होत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत ही चूक फार जुनी आहे. होमाई व्यारावाला यांचं नाव भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज घेतलं जातं. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते त्यांच्या पतीच्या नावाने. त्यांचं काम पुढे ओळखलं गेलं. घरोघरीच्या अल्बममधले कितीतरी फोटो आईने, मावशीने, मोठ्या बहिणीने काढलेले असतील, आणि ते आज मुलाच्या किंवा नातवाच्या नावाने संग्रहात जाताहेत. तुमच्या अर्जात ‘हा फोटो कोणी काढला?’ एवढा साधा प्रश्न असला तर निम्मे लोक थांबून घरात विचारतील असं मला मनापासून वाटतं.

श्रेयाबद्दल बोलताना मला अलेक्झांडर गार्डनर नेहमी आठवतात. अमेरिकी यादवी युद्धात मॅथ्यू ब्रेडी यांच्या स्टुडिओसाठी अनेक छायाचित्रकार रणांगणावर फिरत होते, पण फोटो ओळखले जात ते बहुतांशी ब्रेडींच्या नावाने. गार्डनर तिथून वेगळे झाले. १८६६ साली त्यांनी युद्धाच्या शंभर फोटोंचा दोन खंडांचा संग्रह काढला आणि त्यात प्रत्येक फोटोखाली निगेटिव्ह कोणाचं आणि प्रिंट कोणी काढली, अशी दोन्ही नावं दिली. त्या छायाचित्रकारांपैकी टिमथी ओ’सलिव्हन यांचं नाव आज आपल्याला माहीत आहे ते बऱ्याच अंशी या सवयीमुळे. दीडशे वर्षांपूर्वी, हाताने प्रिंट चिकटवण्याच्या काळात हे जमलं होतं.

पण याच पुस्तकात दुसरी एक गोष्ट घडली. गेटिसबर्गच्या लढाईनंतर, जुलै १८६३ मध्ये काढलेला एक फोटो त्यात आहे. दगडांच्या आडोशाला एक मृत सैनिक पडला आहे आणि शेजारी त्याची बंदूक उभी टेकवलेली आहे. सोबतच्या मजकुरात गार्डनर सांगतात की हा बंडखोरांचा, म्हणजे दक्षिणेच्या फौजेचा, नेमबाज इथे जखमी होऊन पडला असावा आणि एकटाच मेला असावा. नोव्हेंबरमध्ये आपण परत गेलो तेव्हाही सांगाडा आणि बंदूक तिथेच होती. इतिहासकार विल्यम फ्रॅसानिटो यांनी १९७५ साली त्या लढाईचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवून दिलं की तेच प्रेत आधी दुसऱ्या जागी टिपलेलं आहे, आणि तिथून उचलून ते या आडोशाला आणून ठेवलेलं आहे. श्रेय चोख देणाऱ्या माणसाची ओळ शतकाहून अधिक काळ वाचकांची दिशाभूल करत राहिली. म्हणूनच श्रेय बरोबर लागलं की काम झालं, असं मला म्हणवत नाही. फोटो काय दाखवतो आणि ओळ त्याच्या तोंडी काय घालते, हेही तितक्याच कसोशीने बघावं लागतं.

फोटोओळ लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकलं पाहिजे. फोटोत काय दिसतं, ही एक. आपल्याला काय माहीत आहे आणि ते कशावरून, ही दुसरी. माझ्याकडे येणाऱ्या ओळींमध्ये या दोन्ही नसतात आणि त्यांच्या जागी भावना असते. ‘सुवर्णक्षण’, ‘कष्टाचं सोनं’, ‘हरवलेले दिवस’. भावना बघणाऱ्याच्या मनात फोटो स्वतःच निर्माण करतो. ‘मुद्रणालयात खिळे जुळवणाऱ्या पाच स्त्रिया, समोर खिळ्यांच्या पेट्या, उजवीकडे खिडकी’ एवढं लिहिलं तर पन्नास वर्षांनी मुद्रणाचा इतिहास शोधणाऱ्याला तो फोटो सापडेल. ‘कष्टाचं सोनं’ या ओळीने तो कोणालाच सापडणार नाही.

आणि माणसांची नावं! आपल्या फोटोओळींमध्ये ‘व इतर मान्यवर’ हे शब्द वर्षानुवर्षं ठाण मांडून बसले आहेत. खुर्चीवर बसलेल्यांची नावं पदांसकट येतात. मागे उभे असलेले ‘कार्यकर्ते’ होतात, जमिनीवर बसलेले ‘विद्यार्थी’, आणि बायका ‘सौ.’ लावून नवऱ्याच्या नावाने किंवा नुसत्याच ‘महिला’. फोटोत सगळे सारख्याच प्रकाशात उभे असतात. कोणाला नाव आणि कोणाला घोळका, हे ओळ ठरवते. संग्रहासाठी ओळ लिहिताना मागची रांग, मधली रांग, पुढची रांग असं सांगून प्रत्येक रांगेत डावीकडून क्रमाने नावं द्यावीत, आणि जे नाव माहीत नाही त्या जागी ‘नाव माहीत नाही’ असं लिहावं. ती जागा गाळू नये. गाळली की पुढची सगळी नावं एकेक माणूस सरकतात आणि मग दुरुस्त करणाऱ्याला कुठून सुरुवात करायची हेच कळत नाही. नावं पूर्ण लिहावीत. आद्याक्षरांवरून ओळखणारी पिढी गेली की आद्याक्षरं मुकी होतात.

नाव न विचारल्याने काय होतं, याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण डोरोथिया लँग यांच्या फोटोचं आहे. १९३६ साली कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर त्यांनी एका आईचा मुलांसह फोटो काढला. वय ३२, सात मुलांची आई, एवढी नोंद झाली. नाव विचारलं गेलं नाही. लँग खरं तर ओळींबाबत निष्काळजी नव्हत्या. भेटलेल्या माणसांचे शब्द त्या आवर्जून टिपून घेत. तरीही या एका भेटीत ते राहिलं. तो फोटो १९३० च्या दशकातल्या महामंदीचा चेहरा म्हणून जगभर पोचला, आणि त्यातल्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन आहे हे लोकांना कळलं ते १९७८ मध्ये. ती चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी वंशाची होती हेही नंतरच पुढे आलं. लँग यांनी नंतर लिहिलेल्या आठवणीत, त्या कुटुंबाने अन्नासाठी गाडीचे टायर विकले होते असं म्हटलं आहे. असं काही घडलंच नव्हतं, असं कुटुंबाचं म्हणणं आहे. ज्या बाईचा चेहरा सगळ्यांना पाठ होता, तिच्याबद्दल बोलायची पाळी बेचाळीस वर्षं इतरांचीच होती.

ओळ एकदा लिहिली की संपली, असं मात्र कोणी मानू नये. छायाचित्रकार जो रोझेंथाल यांनी २३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावर काढलेल्या, झेंडा उभारणाऱ्या सहा सैनिकांच्या फोटोइतकी चिकित्सा क्वचितच कुठल्या फोटोची झाली असेल. त्यातल्या सैनिकांची ओळख १९४७ मध्ये एकदा, २०१६ मध्ये पुन्हा आणि २०१९ मध्ये तिसऱ्यांदा दुरुस्त करावी लागली. लष्कराच्या दप्तरी नावनिशी असलेल्या सहा माणसांच्या बाबतीत हे घडतं, तर आपल्या संग्रहात काय काय चुकलं असेल? चूक होणारच. तुमच्याकडे दुरुस्तीची वाट कशी आहे, हा माझा प्रश्न आहे. जुनी ओळ पुसून तिच्या जागी नवी लिहिणं ही दुरुस्ती नव्हे. जुनी ओळ तशीच राहावी, नवी तिच्याखाली यावी, आणि कोणी, कधी, कशाच्या आधारे बदललं याची नोंद असावी. उद्या नवी माहितीच चुकीची ठरली तर मागे जाता आलं पाहिजे.

वाचकांना विचारलं तर ते केवढी मदत करतात, हे १६ जानेवारी २००८ रोजी सुरू झालेल्या फ्लिकर कॉमन्सने, म्हणजे फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरच्या खुल्या संग्रहाने, दाखवलं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपले सुमारे तीन हजार फोटो तिथे खुले केले. लोकांनी जागा ओळखल्या, माणसं ओळखली, जुन्या वर्तमानपत्रांतून तारखा शोधून काढल्या. ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांनी ती माहिती पडताळली आणि पहिल्या वर्षभरातच पाचशेहून अधिक नोंदी सुधारल्या. सांगणारे बाहेरचे होते, पडताळणी आतली होती. दोन्ही होतं म्हणून ते साधलं.

‘अज्ञात’ या शब्दाची लाज वाटून घेऊ नका, असंही मला सांगायचं आहे. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतीच्या तुळईवर बसून डबा खाणाऱ्या अकरा कामगारांचा २० सप्टेंबर १९३२ चा फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. अनेक वर्षं त्याचा छायाचित्रकार अज्ञात होता. २००३ साली चार्ल्स एबेट्स यांचं नाव त्याला लावलं गेलं. त्या दिवशी तिथे इतरही छायाचित्रकार हजर होते हे पुढे आल्यावर, फोटोची मालकी असलेल्या संस्थेने तो पुन्हा अज्ञात म्हणून नोंदवला. लावलेलं नाव मागे घ्यायला धैर्य लागतं. अर्जातला रकाना रिकामा राहिला की फोटो पुढे सरकतच नाही अशी रचना असेल, तर लोक काहीतरी भरतातच, आणि ते काहीतरी पुढे इतिहास होऊन बसतं. ‘माहीत नाही’ हे उत्तर तुमच्या अर्जाने स्वीकारलं पाहिजे.

तारखेचंही तसंच. कॅमेरा फाइलमध्ये जी तारीख लिहितो ती त्याच्या घड्याळाची असते. बॅटरी काढल्यावर ते घड्याळ मागे गेलं असेल तर फोटोही मागे जातो. कॅमेरा फाइलमध्ये ही माहिती ज्या पद्धतीने लिहितो त्या, जपानमध्ये १९९५ साली आलेल्या एक्झिफ मानकात घड्याळाच्या वेळेबरोबर ती कुठल्या कालविभागातली आहे हे लिहिण्याची सोय २०१६ पर्यंत नव्हती, त्यामुळे मध्यरात्रीच्या आसपासच्या फोटोंवर एक दिवस इकडे तिकडे होऊ शकतो. जुन्या फोटोंची गत तर आणखी वाईट. स्कॅन केल्याची तारीख काढल्याची म्हणून नोंदली जाते आणि माझ्या आत्याच्या मैत्रिणी एकविसाव्या शतकात खिळे जुळवताना दिसतात. ‘सुमारे १९६०’ किंवा ‘१९५८ ते १९६२ च्या दरम्यान’ असं लिहिता यायला हवं, आणि त्यापुढे आधारही: घरच्यांनी सांगितलं, प्रिंटच्या मागे लिहिलं होतं, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून कळलं. प्रिंटची मागची बाजूही स्कॅन करून पाठवायला सांगा. हस्ताक्षर, स्टुडिओचा शिक्का, कधी एखादं टोपणनाव, असं बरंच काही तिथे असतं. आणि फोटो निरोपांच्या ॲपमधून मागवू नका. त्यात चित्र लहान होतं आणि फाइलमधली माहिती बहुतेक वेळा गळून पडते.

फोटोत बदल केला असेल तर तेही ओळीत यावं. कापला, रंग भरले, फाटका कोपरा जोडला, धूसर चेहरा संगणकाकडून स्पष्ट करून घेतला. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो, कारण त्यात जो चेहरा दिसतो तो त्या माणसाचा असेलच असं नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी चित्राचं वर्णन देण्याचा रकाना आयपीटीसीने २०२१ मध्ये आपल्या मानकात घेतला; तुम्हीही घ्या, आणि त्यात ओळीचीच नक्कल करू नका.

सगळं माहीत असलं तरी सगळंच लिहावं असंही नाही. दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा, लहान मुलाचं पूर्ण नाव, रुग्णाची ओळख, या गोष्टी संग्रहाच्या दप्तरात राहाव्यात, फोटोखाली नकोत. दप्तरातली माहिती आणि दाखवायची माहिती अशी दोन ठिकाणं तुमच्या व्यवस्थेत आहेत का, हे मला आजवर एकाही संग्रहाने स्पष्ट सांगितलेलं नाही.

माझी मागणी मोठी नाही. खात्याचं नाव छायाचित्रकाराच्या रकान्यात आपोआप बसणं आधी थांबवा, आजच. काढणारा, जपणारा आणि पाठवणारा यांना वेगळ्या जागा द्या. ‘माहीत नाही’ आणि ‘सुमारे’ यांना मान्यता द्या. दुरुस्तीच्या विनंतीला ठरावीक दिवसांत उत्तर देणारा एक माणूस नेमा. त्या कामासाठी स्वयंसेवक लागणार असतील तर पहिलं नाव माझं लिहून घ्या.

आत्याच्या त्या फोटोची ओळ मी चौथ्यांदा पाठवली आहे. ती अशी आहे:

‘मुद्रणालयात खिळे जुळवणाऱ्या पाच स्त्रिया. सुमारे १९६०, छायाचित्रकाराने स्वतः सांगितल्यानुसार. डावीकडून पहिल्या चौघींची नावं संग्रहाच्या दप्तरात दिली आहेत. एकीच्या मुलीची संमती यायची आहे, तोवर ती दाखवू नयेत. पाचवीचं नाव माहीत नाही. छायाचित्रकार त्याच मुद्रणालयात कामाला होत्या. स्कॅन आणि माहिती : छायाचित्रकाराची भाची.’

‘छायाचित्र’ या शब्दापुढे आत्याचं पूर्ण नाव अर्जात भरलं आहे. या पत्रात ते मी मुद्दाम लिहिलेलं नाही. आधी ते फोटोखाली लागू दे.

आपली,
फोटो पाठवणारी आणि ओळी तपासणारी एक स्वयंसेविका